आडवी रेघ काढून दाखवा

जावेनं फोटो पाठवला आणि खाली एक अक्षर लिहिलं नाही.

मी तेव्हा वाशीमच्या कॉलेजात अकरावीचं प्रॅक्टिकल घेत होते. कांद्याची पातळ साल काचेवर ठेवायची, तिच्यावर थेंबभर रंग टाकायचा आणि पोरींना पेशी दाखवायच्या, हे माझं दरवर्षीचं काम. फोन टेबलावर थरथरला. उघडून बघते तर आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, चेहरा. उजव्या कपाळावर केसांपासून भुवईपर्यंत लाल पट्टा आणि त्यावर पाण्यानं भरलेल्या फोडांचे घोसच्या घोस. उजवी पापणी सुजून मिटत आलेली. आणि नाकाच्या शेंड्यावर, उजव्याच अंगाला, एक फोड.

तो नाकावरचा फोड मी दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरींनी सूक्ष्मदर्शकातून माना वर काढल्या. मी त्यांना म्हटलं, चित्र काढा, नावं द्या, आणि व्हरांड्यात जाऊन जावेला फोन लावला.

"मी काई सांगतलं नाई हं," ती उचलल्याबरोबर कुजबुजली. "मी फक्त फोटो पाठोला."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. तिचं म्हणणं मला पुरतं कळलं. आमच्याकडे या दुखण्याला नागीण म्हणतात, आणि नागीण झाल्यावर कोणाला सांगायचं नसतं. तिचं नावही घ्यायचं नाही. 'ते उठलं' म्हणायचं. आपलं नाव ऐकलं की ती जोरात पळते, आणि तिचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस संपला, असं आमच्या रिठद गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. झाडणाऱ्या बाबाला बोलवायचं, त्यानं रेघ काढेपर्यंत दार लोटून घ्यायचं आणि सगळ्या घरानं तोंडं शिवून बसायचं. जावेनं तोंड शिवलेलंच ठेवलं होतं, फक्त बोटानं एक बटण दाबलं. नवऱ्याच्या धाकात राहणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त काय करता येतं, ते मला कोणी सांगावं.

मला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. रोज संध्याकाळी माझा रिठदला फोन असतो. आदल्या संध्याकाळीही होता. सोयाबीन भरून झालं, गोठ्यातल्या गाईनं लाथ मारली, उंदरानं ठिबकची नळी कुरतडली, सगळं सांगून झालं. आत्याबाई स्वतः बोलल्या. आवाज जरा बसका होता, मी विचारलं तर म्हणाल्या, "सर्दी हाय व." कपाळावर आग पेटलेली आणि ही बाई मला सर्दी सांगते. आणि मी अशी की त्यावर सुंठ घ्या म्हणून सांगितलं.

आणखी एक गोष्ट सांगते म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड का झाला ते कळेल. आत्याबाईंचा डावा डोळा गेलेला आहे. तरुणपणी तूर कापताना खाली वाकल्या आणि कापलेल्या झाडाचं उभं टोक डोळ्यात घुसलं. तेव्हाही घरगुती उपायच झाले. बुबुळावर पांढरा पडदा आला तो कायमचा. म्हणजे या बाईजवळ सगळं मिळून एकच डोळा होता, आणि नागीण त्याच डोळ्याच्या दारात येऊन बसली होती.

प्राचार्यांना सांगितलं, घरी जावं लागतं. ते म्हणाले, अर्ज? मी म्हटलं, उद्या. त्यांनी मान हलवायच्या आत मी स्कूटी काढली होती. माझे यजमान त्या आठवड्यात कामासाठी नागपूरला होते. त्यांना फोन केला तर तेही म्हणाले, "मले बी कोनी बोललं नाई." पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं.

वाशीमहून रिसोड रस्त्यानं रिठद काही लांब नाही, पण त्या दिवशी समोर ऊस नेणारा ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवून माझा अंगठा दुखायला लागला. डोक्यात एकच गणित. या विषाणूवरचं औषध असतं, आपल्या वाशीमलाही मिळतं, पण फोड उठल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलं तर त्याचा खरा उपयोग. आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आला की समजायचं, डोळ्याला धोका आहे. कारण नाकाचा शेंडा आणि डोळा यांना एकाच नसेचा फाटा जातो. हे मला कळत होतं आणि घरात कोणी विचारलं नव्हतं. शिकलेली सून असण्याचा आमच्या घरात एवढाच उपयोग, की लग्नपत्रिकेत नावापुढे एम.एस्सी. छापता येतं.

एम.एस्सी.ला मी जो प्रबंध लिहिला तो नेमका याच गोष्टीवर होता, आणि तो लिहिताना माझी जी थट्टा झाली तीही सांगते. आपल्या अंगातल्या पेशी भिंतीला भिंत लावून राहतात. पण त्या भिंतींमध्ये बारीक नळ्या असतात. अर्धी नळी या पेशीची, अर्धी त्या पेशीची, दोन्ही तोंडाला तोंड लावून जुळतात आणि आरपार वाट तयार होते. रिठदला आमच्या आणि शेजारच्या घराच्या भिंतीत एक हातभर झरोका आहे, त्यातून विरजण जातं, काडीपेटी येते, तसंच. एका पेशीत विषाणू शिरला की ती पेशी मरता मरता त्या नळीतून शेजारणीकडे एक बारीकसा रासायनिक निरोप ढकलते. शेजारीण विषाणू येण्याआधीच सावध होते, कडी लावून बसते. आणि काही विषाणू इतके हरामखोर, की आत शिरल्या शिरल्या आधी ह्या नळ्याच बंद करायला लागतात. शेजारी कळूच द्यायचं नाही. मग एकेक घर निवांत लुटायचं.

मार्गदर्शक सर म्हणाले होते, "वाशीम जिल्ह्यात हे कोणाच्या कामाचं आहे?" सगळा वर्ग हसला होता. ह्या नळ्या दिसतील असा सूक्ष्मदर्शक आमच्या कॉलेजात सोडा, आसपासच्या जिल्ह्यांतही नव्हता. मी सगळं वाचून लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी हाच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा मी म्हटलं, "माझ्या कामाचं आहे." मार्क कमी पडले. पडू देत.

घराचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं. अंगणात खाटेवर आत्याबाई बसलेल्या, उजेडाकडे पाठ करून. समोर पोत्यावर झाडणारे बाबाजी. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, शांत चेहऱ्याचे म्हातारे गृहस्थ. पंचक्रोशीत त्यांना मान आहे, कारण ते कोणाकडून काही घेत नाहीत, चहासुद्धा. दाराजवळ माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, हात बांधून उभे. जाऊ स्वयंपाकघराच्या चौकटीत. मला बघून तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

बाबाजींनी वाटीतल्या ओल्या गेरूत बोट बुडवलं होतं. केसांच्या मधोमध बोट टेकवून त्यांनी रेघ खाली आणली. कपाळाच्या मधून, दोन भुवयांच्या मधून, नाकाच्या दांडीवरून, थेट वरच्या ओठापर्यंत. हात अजिबात कापला नाही. ओठातल्या ओठात काही म्हणाले आणि भासऱ्यांकडे वळले.

"झालं. आता हे ह्या रेघेच्या तिकडं जानार नाई. तोंड-शेपूट भिडनार नाई. चिंता सोडा."

भासऱ्यांनी हात जोडले. तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

इथे आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल. भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोनं थेट बोलायचं नाही. मधे कोणीतरी लागतं. जेवायला बसा म्हणायचं असलं तरी मी जावेला म्हणायचं, "त्यांना म्हणा, ताट वाढलं." ते दोन हातांच्या अंतरावर उभे असतात, त्यांना ऐकूही येतं, तरी जाऊ पुन्हा तेच वाक्य म्हणते आणि मग ते येतात. आजच्या काळात हातात मोठ्ठा फोन घेऊन फिरणारे भासरे, पण ही रीत सोडलेली नाही. लग्न झाल्यापासून मीही पाळत आले होते, कारण रोज भांडायला मला कॉलेजची कामं काही कमी नाहीत.

"तिले म्हना," भासरे जावेला म्हणाले, "कालेज वाशीमले हाय. इथं काय काम?"

जाऊ तोंड उघडणार एवढ्यात मी खाली बाबाजींच्या समोर बसले.

"बाबाजी, तुमचं म्हणणं खरं हाय. हे रेघेच्या तिकडं जानार नाई."

सगळे चमकले. शिकलेली सून येईल आणि अंधश्रद्धेवर भाषण देईल, अशी त्यांची तयारी असावी.

"पन रेघ नाई काढली तरी जानार नाई," मी म्हटलं. "लहानपणी कांजिण्या होतात नं, त्याचाच हा जीव. बरं झाल्यावर मरत नाई, नसेच्या मुळाशी झोपून राह्यते. म्हातारपणी जोर कमी झाला की उठते, अन् ज्या नसेत झोपला होता तिच्याच वाटेनं बाहेर येते. डाव्या अंगाची नस वेगळी, उजव्या अंगाची वेगळी. म्हणून ते मधली शीव सहसा ओलांडतच नाई. तुमी आजवर जेवढ्या रेघा काढल्या, जिथं ते आपसूक थांबते तिथंच काढल्या."

म्हाताऱ्याची नजर एकदम सावध झाली. मला वाटतं हे त्यांना माहीत होतं. नसांचं माहीत नसेल, पण ते कुठे थांबतं हे एवढ्या वर्षांत त्यांच्या बोटांना नक्कीच कळलेलं होतं.

"तिकडच्या डोळ्याची मले फिकीर नाई, तो तर गेलाच हाय. ह्या डोळ्याचं बोला. भुवईच्या खाली आडवी रेघ काढा, अन् सगळ्याईसमोर म्हना की हिच्या खाली डोळ्यात उतरनार नाई. तुमी तेवढं म्हनलं त मी ह्या पावली वाशीमले परत जातो, अन् पुन्हा तोंड उघडनार नाई."

बाबाजींनी गेरूच्या वाटीकडे पाहिलं. मग आत्याबाईंच्या सुजलेल्या पापणीकडे.

"आडवी नसते काढत, बाई."

"काहून?"

"माह्या गुरूनं उभीच देल्ली."

"आज काढून दाखवा. मले मंत्र नाई पायजे, तुमचा शब्द पायजे."

बाबाजींनी बोटाला लागलेला गेरू पोत्याला पुसला. माझ्याकडे न बघता ते आत्याबाईंना म्हणाले, "मावशी, डोयाचं माह्याकडं नाई."

एवढं बोलून ते उठले, टोपी नीट केली आणि वाटी तिथेच ठेवून चालायला लागले. त्या माणसाचा मला राग येऊ शकला नाही, आणि याचाही मला राग आला. त्यांना कोणी डोळ्याचं विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी रेघेचं विचारलं, त्यांनी रेघ दिली.

भासरे मात्र भडकले. "हिले म्हना, देवमानसाचा अपमान केला इनं. आईले काई झालं त हीच जिम्मेदार. अन् आता नाव बी घेतलं, पळन ते जोरात."

जावेनं तोंड उघडलं होतं, पण मी उठून उभी राहिले, डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ त्यांच्या डोळ्यात बघून बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा.

"व्हय, मी जिम्मेदार. नागीण झाली त्यांना. नागीण, नागीण, नागीण. ऐकू द्या तिले. तुमी मले सांगतलं नाई, आपल्या सख्ख्या भावाले सांगतलं नाई. ज्याले औषध माहीत होतं त्याच्यापासूनच लपोवलं. अजून काही बोलायचं आसन त माह्याशी बोला, मधे कोनी नाई पायजे."

त्यांचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या थोबाडीत मारली असती तरी तसा झाला नसता. ते काय बोलले असते कोण जाणे. त्याआधीच खाट करकरली. आत्याबाई उठल्या होत्या. गेरूची रेघ नाकावरून ओठापर्यंत, एक डोळा पांढरा, दुसरा मिटलेला, आणि हात पुढे करून हवेत चाचपडत होत्या.

"सूनबाई, तुही गाडी सुरू कर," त्या म्हणाल्या. "आडवी निघत नाई त उभीचं काय लोनचं घालू?"

डोळ्यावर ओला रुमाल, त्यावरून पदर, आणि दोन्ही हातांनी माझे खांदे असे घट्ट धरलेले की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. अशी आमची वरात वाशीमला आली. वाटेत त्या फक्त एकदा बोलल्या, "गड्डे पाहून चालव," आणि मी म्हटलं, "गड्डे चुकवायला रस्ता कुठं हाय?"

डोळ्यांच्या डॉक्टर बाई माझ्याहून लहान. दिव्यात बघून त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही, पण खुर्ची मागे सरकवताना जरा जोरात सरकवली. "कधी उठलं?" आत्याबाईंनी सांगितलं, आज चौथा दिवस. "मग तेव्हा का नाही आलात?" आत्याबाईंनी तेही सांगितलं, न लाजता. डॉक्टर बाईंनी गोळ्या दिल्या, थेंब दिले, मलम दिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की बुबुळापर्यंत पोचलंय, आतही सूज आहे, किती वाचेल ते आज सांगता येणार नाही. आदल्या दिवशी आल्या असत्या तर मी जास्त भरवशानं बोलले असते, असंही म्हणाल्या. मी जिन्यात जाऊन रडले. रागानं रडले, उगाच गैरसमज नको.

आत्याबाई माझ्याकडेच राहिल्या. खोलीच्या खिडकीला मी जाड चादर लावली, कारण उजेड टोचायचा. कपाळात अशी कळ यायची की त्या उशीची खोळ दातात धरायच्या. यजमान नागपूरहून आले, आईजवळ बसले, आणि 'मले काहून नाई सांगतलं' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "मीच नाई म्हनलं होतं बाप्पा. तुह्या भावाले कायले बोलतं? मलेच भेव वाटलं. एकच डोया राह्यला, अन् बोलून थो बी जाईन, असं वाटलं."

दुखणं कमी झाल्यावर त्यांनी मला विचारलं की कॉलेजात तू नेमकं शिकली तरी काय. आजवर त्या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी अंधाऱ्या खोलीत बसून त्यांना नळ्यांचं सांगितलं. शेजारणीला निरोप जातो ते सांगितलं, विषाणू आधी वाट बंद करतो ते सांगितलं. प्रबंध तपासणाऱ्यांनी ऐकलं नसेल इतकं लक्ष देऊन त्यांनी ऐकलं.

"मंग ह्या साऱ्या वाटा उघड्याच ठेवल्या त काय बिघडते?"

प्रश्न बिनचूक होता, आणि त्याचं उत्तर सोपं नाही. मी सांगितलं, तसंही चालत नाही. त्याच वाटांनी कधी कधी विषही शेजारी जातं. आणि पेशींनी गरजेपेक्षा जास्त ओरडा केला तर अंगातले शिपाई इतके धावून येतात, की चोरापेक्षा तेच घर मोडतात. तुमच्या डोळ्यातली सूज थोडी त्या विषाणूची आहे आणि थोडी ह्या शिपायांची. ते पांढरे थेंब आहेत नं, ते त्यांना आवरायला.

"म्हंजे गप्प बसलं तरी मरन, अन् लय बोंबललं तरी."

"वेळेवर सांगावं लागतं, आत्याबाई."

"मंग तू त लय बोंबलली त्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. हसल्यावर कपाळ ओढलं गेलं, तशी शिवी दिली. ती नागिणीला होती की मला, मी विचारलं नाही.

सूज उतरल्यावर डॉक्टर बाईंनी नजर तपासायला बोलावलं. भासरे त्या दिवशी रिठदहून दवाखान्यात आले. फोड सुकून खपल्या पडल्या होत्या, डाव्या अंगाला एकही उठला नव्हता. ते त्यांनी आल्या आल्या नीट निरखून घेतलं. आत्याबाईंना अक्षरं येत नाहीत, म्हणून फळ्यावर तोंडं वेगवेगळ्या दिशेला केलेल्या खुणा होत्या. जिकडे तोंड तिकडे बोट करायचं. वरची मोठी खूण त्यांनी पटकन दाखवली. त्याखालची दाखवली. तिसऱ्या ओळीला हात हवेत थांबला, इकडे वळला, तिकडे वळला, आणि मांडीवर खाली आला.

डॉक्टर बाई म्हणाल्या की बुबुळावर वण राहिलाय. चालता-फिरता येईल, घरातलं काम होईल. बारीक दिसणार नाही. एवढं वाचलं तेही चांगलं.

"रेघेनं वाचलं," भासरे हलक्या आवाजात म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, पण मधे कोणाला घेतलं नव्हतं, एवढी सुधारणा. "तिकडं गेलं नाई, पाह्यलं नं."

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते आलंच होतं. पण आत्याबाईंनी माझा हात दाबला आणि आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"जवळ ये," त्या म्हणाल्या. भासरे आले. "अजून." ते खुर्चीशी वाकले. आत्याबाईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपल्या डोळ्याशी आणला. बराच वेळ बघितलं.

"तुहं नाक दिसते मले. मिशी दिसते. तुह्या मनात काय हाय ते तोंडावर दिसत होतं पह्यले, लहानपनापासून दिसत होतं. आता नाई दिसत. हे कोन्या रेघेनं गेलं, थे सांग."

भासऱ्यांचे डोळे भरले आणि ते आईला दिसलं नाही, हे त्या खोलीत मला आणि डॉक्टर बाईंना दिसलं.

बाहेर बाकांवर लोक दाटीवाटीनं बसले होते. आत्याबाई मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "फोन लाव."

"कोणाला?"

"साऱ्याईले. कारंज्याच्या बहिनीपासून सुरू कर."

मी त्यांच्या धाकट्या बहिणीला कारंजा लाडला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. स्पीकर चालू होता, कारण बटणं त्यांना दिसत नव्हती. त्यांनी गावच्या शेतात हाक मारावी तशा आवाजात सुरुवात केली. "मले नागीन झाल्ती. नागीन. कपायावर. डोयात गेली. दवाई उशिरा घेतली म्हून नजर गेली अर्धी. तुह्या घरात कोनाले काई उठलं त त्याच दिवशी डाक्टरकडं जा, समजली का?" बाकांवरची सगळी माणसं आमच्याकडे वळली. त्यांनी आवाज कमी केला नाही.

पलीकडून मावशींचा, म्हणजे त्या बहिणीचा, आवाज आला, अगदी बारीक.

"बाई, मले बी झाल्ती. मांगच्या उन्हाळ्यात. भुवईवर. पोरगा लगेच डाक्टरकडं घेऊन गेल्ता. त्यायनं गोया देल्या, बरी झाली मी. सांगू नये म्हनतात, म्हून तुले सांगतलं नाई."

फोन कानापासून दूर धरून आत्याबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या, जिथे त्यांना आता बहुतेक नुसती पांढरी जागा दिसत असेल. मावशी पलीकडून बाई, बाई करत होत्या. भासऱ्यांनी खाली मान घातली होती.

मग त्यांनी पदरानं डोळा टिपला आणि फोन माझ्यासमोर धरला.

"दुसरा नंबर लाव," त्या म्हणाल्या.